गोव्यात गाडीवर रोज फिरताना अंगावर काय घालावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात राहते आणि पणजीतल्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर स्कूटर रोजची. रविवारी जमेल तेव्हा घरची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेऊन चोर्ला घाटाकडे किंवा काणकोणला जाते. शर्यती, ट्रॅक, लडाख यातलं मला काही कळत नाही. हे प्रश्न शाळेतल्या बायांनी, शेजाऱ्यांनी, भाचरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत, आणि सगळे कामाला, बाजाराला, देवळाला गाडीने जाणाऱ्यांचे आहेत.

मी चाळीस-पन्नासच्या वर कधी जातच नाही. मग जॅकेट-बिकेट कशाला?

डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. गाडी उभी असताना नुसते कलंडून पडलात, तरी तेवढ्या उंचीवरून खाली येणारं डोकं रस्त्याला ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने आपटतं. त्या आपटण्यासाठी गाडी पळत असण्याची गरजच नसते.

घासटणं वेगळं. पन्नासच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. पडलेलं माणूस तिथल्या तिथे थांबत नाही, दोनेक सेकंद डांबरावरून घसरत जातं. साधा सुती कपडा त्यातला एक सेकंदही धड टिकत नाही. उरलेला वेळ कातडी घासते.

आणि आपल्याकडे हळू चालवूनही पडायला होतं. खाणपट्ट्यात, साखळी-डिचोली-उसगावकडे, पहिल्या पावसात रस्त्यावर तांबडा चिखल येतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर शेवाळ असतं. रात्री वळणावर गुरं बसलेली असतात. यातल्या कशालाही तुमचा वेग किती हे विचारायचं नसतं.

सगळं एकदम घ्यायला पैसे नाहीत. आधी काय घेऊ?

हेल्मेट. मग हातमोजे आणि बूट. मग गुडघ्याचे गार्ड, आणि त्यानंतर जॅकेट. दुकानदार बहुतेक वेळा जॅकेटपासून सुरुवात करतो, कारण किंमत तिथे आहे. पण दहा हजारांचं जॅकेट आणि पायात रबरी चप्पल हा हिशेब मला पटत नाही. हातमोजे दीड-दोन हजारांत बरे मिळतात, गुडघ्याचे गार्डही साधारण तेवढ्यातच. घोट्यापर्यंतचे जाड बूट तर घरात कुणाचे तरी असतातच.

घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ आणायला जाताना मी हे घालीन का? उत्तर नाही आलं, तर ती वस्तू कितीही चांगली असली तरी माझ्या उपयोगाची नाही. त्यापेक्षा थोडं कमी संरक्षण देणारी पण रोज अंगावर चढणारी वस्तू घ्यावी.

हेल्मेट निवडताना नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट, आयएसआयची खूण. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांच्या टोप्या टांगलेल्या दिसतात. नुसतं स्टिकर कुणीही छापू शकतं. खुणेजवळ आयएस ४१५१ हा मानकाचा आकडा आणि सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की खरा आहे की खोटा ते कळतं. दुकानात उभं राहूनच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, तोंड झाकणारं हेल्मेट घ्या. अर्ध्या हेल्मेटला वारा लागतो हे खरं, पण माणूस पडतो तेव्हा पुष्कळदा तोंडावर पडतो, आणि जबडा झाकायला तिथे काही नसतं.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, माप. कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या जरा वरून टेपने घेर मोजा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी बरोबर फिरली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. मग पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर ते हेल्मेट तुमचं नव्हे. नवीन असताना घट्ट वाटतं म्हणून एक नंबर मोठं घेणारे खूप पाहिलेत. आतला फोम महिन्या-दोन महिन्यांत बसतो आणि तेच हेल्मेट मग सैल होतं.

आणि पट्टा लावायचा. हे वेगळं सांगायला लागू नये, पण सकाळी आठ वाजता फोंडा-पणजी रस्त्यावरच्या बाणस्तारीच्या पुलावर उभ्या राहिलात तर का सांगते ते कळेल.

हेल्मेटच्या उपयोगाबद्दल कुणी वाद घालायला आलं तर त्याला हे सांगा: जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. बाकी कुठल्याही वस्तूला एवढा भक्कम पुरावा नाही.

कायद्याने काय काय बंधनकारक आहे?

फक्त हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. त्याहून लहान मुलांचा नियम पुढे सांगते. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. नियम मोडला तर कलम १९४-डी खाली १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन अपात्र. हातमोजे, जॅकेट, बूट यांबद्दल सामान्य दुचाकीस्वारावर सक्ती नाही. ते आपलं आपण ठरवायचं.

गोव्याच्या उकाड्यात जॅकेट सहन तरी कसं होतं?

जाळीचं घ्या. पुढून, बाह्यांवर आणि पाठीवर जाळी असलेल्या जॅकेटमधून चालत्या गाडीवर वारा थेट अंगाला लागतो, घाम वाळतो आणि गार वाटतं. सिग्नलला किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत उभं राहिलं की मात्र घामाच्या धारा लागतात. तेव्हा चेन अर्धी उघडते आणि गाडी हलली की लावते. आतून सुती बनियन घालू नका, ते घाम धरून ठेवतं. खेळाडू घालतात तसा पातळ, पटकन वाळणारा टी-शर्ट बरा.

जाळी घासटण्याला जाड कापडाइतकी टिकत नाही, हे मान्य करूनच घ्यायचं. म्हणून खांदे आणि कोपरं इथे जाळीऐवजी जाड विणीचं नायलॉन आहे का ते बघा. तिथे दुहेरी शिवण हवी. पडल्यावर कापडाआधी शिवण उसवते.

चामड्याचं जॅकेट घासटण्याला सगळ्यात चिवट असतं, यात शंका नाही. पण गोव्यात घेऊ नका असंच मी सांगते. जुलैत कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा पांढरी बुरशी चढते, आणि चामडं जड असल्यामुळे एप्रिलपासून ते कपाटातच राहतं.

लेबलवर एए, लेव्हल १, लेव्हल २ असं काय काय लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ?

ही युरोपीय मानकं आहेत, भारतीय कंपन्याही आता तीच छापतात. दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या: कापड आणि आतले पॅड.

कापडासाठी ईएन १७०९२. त्यात एएए सगळ्यात चिवट, मग एए, मग ए. बी म्हणजे ए इतकंच चिवट, पण आत पॅड नाहीत. सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारी जाळी, घासटण्यापासून ती वाचवत नाही. वरून दुसरं काही घालायला हवं. रोजच्या जाळीच्या जॅकेटला ए असेल तर पुरे, एए मिळालं तर उत्तम.

कोपर, खांदा, गुडघा यांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१. त्याची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. पाच किलोचं वजन एक मीटरवरून पॅडवर टाकतात आणि पॅडखाली किती जोर पोचला ते मोजतात. किलोन्यूटन हे जोर मोजायचं एकक. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. म्हणजे लेव्हल २ खाली हाडापर्यंत बराच कमी जोर जातो. पाठीच्या पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१-२, आणि तिथे मर्यादा १८ आणि ९ अशी आहे.

इथेच फसवणूक होते. पुष्कळ स्वस्त जॅकेटांत खांद्या-कोपरांना खरे पॅड असतात, पण पाठीत नुसता स्पंजचा तुकडा असतो. पाठीचा खिसा उघडा, पॅड बाहेर काढा, त्यावर मानकाचा आकडा छापलेला आहे का बघा. आकडा नसेल तर पाठीचा पॅड वेगळा घेण्याचे पैसे हिशेबात धरा.

हातमोजे खरंच लागतात का?

याचं उत्तर मी माझ्या उजव्या तळहाताकडे बघून देते. जूनचा पहिला आठवडा होता, नुकती सर येऊन गेली होती. घरापासून दोन किलोमीटरवर, कुर्टीच्या उतारावर, भाजी घेऊन परत येत होते. वेग पंचवीसच्या वर नसेल. पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि चाक सरकलं. डोक्यावर हेल्मेट होतं, हात मोकळे, पायात चप्पल. पडताना माणूस हात पुढे टाकतो. ते विचार करून होत नाही, शरीर आपोआप करतं. तळहाताचं कातडं सोलून निघालं आणि त्यात खडी रुतली. तीन आठवडे खडू धरता आला नाही, भाकरी थापता आली नाही, केस लेकीने विंचरून दिले. हाड मोडलं नाही हे नशीब.

म्हणून हातमोज्यात तळहात आधी बघा. मनगटाजवळ, तळहाताच्या खालच्या भागावर कडक प्लॅस्टिकचा किंवा दुहेरी चामड्याचा तुकडा हवा, म्हणजे हात रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरतो आणि मनगटातली लहान हाडं वाचतात. मनगटाला पट्टा हवाच. पट्ट्याशिवायचा मोजा पडताना पहिल्या फटक्यात निघून जातो. मुठीवरचे चकचकीत कवच दिसायला छान, पण माझ्या लेखी ते दुय्यम. बोटं कापलेले मोजे घेऊ नका. मानकाचा आकडा ईएन १३५९४.

जीन पॅंट पुरते ना?

बरमुड्यापेक्षा पुष्कळ बरी, पण साधी जीन घासटण्यात सेकंदभरही धड टिकत नाही, आणि गुडघ्याच्या वाटीवर तर तिचा काहीच उपयोग नाही. आतून ॲरामिड या चिवट धाग्याचं अस्तर असलेल्या रायडिंग जीन मिळतात. केव्हलार हे ॲरामिडचंच एक व्यापारी नाव. हा धागा घर्षणाच्या उष्णतेने वितळत नाही. पॉलिस्टर मात्र वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून गाडीवर पातळ पॉलिस्टरची ट्रॅकपॅंट मला सगळ्यात वाईट वाटते. रायडिंग जीन जड वाटली तर साधी जीन आणि वरून पट्ट्यांचे गुडघा-गार्ड. ऑफिसात पोचल्यावर काढून डिकीत टाकता येतात.

साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून गाडी चालवते. माझ्यासाठी काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि दुकानात याचं उत्तर कुणाकडे नसतं, कारण बहुतेक सामान पॅंट घालणाऱ्या पुरुषांच्या मापाने बनतं.

ओढणीपासून सुरुवात करू. ती गळ्यात मोकळी ठेवून गाडी चालवणं सगळ्यात धोक्याचं. टोक मागच्या चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये गेलं की गळा आवळतो आणि क्षणात माणूस मागे ओढलं जातं. ओढणी घडी करून डिकीत, नाहीतर जॅकेटच्या आत, चेन लावून. मी शाळेच्या दारात उतरल्यावर घेते.

पंजाबी ड्रेसवर जॅकेट सहज बसतं. लांब कुर्त्याचा घेर सीटखाली येणार नाही असा मांडीखाली दाबून बसा. सलवारीच्या आत पातळ गुडघा-गार्ड घालता येतात, बाहेरून दिसत नाहीत. चुडीदार असेल तर गार्ड वरून.

साडीला सोपा उपाय नाही, खरं सांगते. शाळेत साडी नेसायची असते त्या दिवशी मी पॅंट, बूट, जॅकेट घालून जाते आणि साडी तिथे नेसते. अर्धा तास लवकर निघावं लागतं. ते जमत नसेल तर निदान पदर कमरेला घट्ट खोचून वरून जॅकेट, हातात मोजे, पायात बंद बूट. मागे एका बाजूला बसून जाणाऱ्या बायांसाठी गाडीला साडी गार्ड असतो. मागचं चाक निम्मं तरी झाकलं गेलं पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून मुलगे तो काढून टाकतात. त्याच गाडीवर आई बसणार असते.

जॅकेट बायकांच्या मापाचंच मागा. पुरुषांचं लहान मापाचं घेतलं तर खांदे उतरतात आणि कोपराचा पॅड मनगटाकडे सरकतो.

चप्पल नको म्हणता, पण पावसात बूट भिजतात त्याचं काय?

भिजू देत. चप्पल पडताना सगळ्यात आधी निघते, आणि पावलं, घोटा, बोटं गाडीखाली सापडतात. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपघात झालेले २१२ दुचाकीस्वार तपासले होते. रायडिंगचे खास बूट नसले तरी साध्या जाड बुटांनीही पायाच्या इजेचा धोका निम्म्याने कमी झालेला दिसला. त्याच अभ्यासात हातमोजे, पॅंट, जॅकेट घालणाऱ्यांना इस्पितळात दाखल व्हायची वेळ कमी आली. आणि एक गोष्ट काळजीची: दर दहातली जवळजवळ तीन जॅकेटं अपघातात फाटली-उसवली होती. म्हणून तर शिवण बघा असं मी म्हणते.

घोटा झाकणारा, तळ न घसरणारा, लेस आत खोचता येणारा कुठलाही दणकट बूट चालेल. पावसाळ्यात वरून रबरी कव्हर घाला, किंवा दोन जोड आलटून पालटून वापरा. गमबूट घोट्याला फार आधार देत नाहीत, तरी चप्पलेपेक्षा बरे.

रेनकोट जॅकेटच्या आत की बाहेर?

बाहेर. आत घातला तर जॅकेट भिजून जड होतं आणि जुलैत तीन-तीन दिवस वाळत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेला, शर्ट-पॅंट असा दोन भागांचा रेनकोटच टिकतो. जॅकेटवरून घालायचा म्हणून एक माप मोठा घ्या, रंग पिवळा किंवा नारिंगी. अंगावर टाकायचा सैल झगा नको, तो वाऱ्याने फुगतो आणि चाकाकडे जातो. मागे बसलेल्याने छत्री धरणं तर नकोच.

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते. आत बसवायची वाफरोधक काच मिळते, पावसाळ्यापुरती ती जरूर घ्या. काळी काच पावसात आणि रात्री नको.

रंगाने काही फरक पडतो का?

पडतो. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात, २००४ साली, चकाकणारे किंवा उठून दिसणारे कपडे घालणाऱ्यांना दुखापतीच्या अपघाताचा धोका ३७ टक्के कमी आढळला, आणि काळ्याच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्के कमी. पांढरं हेल्मेट उन्हात कमी तापतं हे वर. सगळी दुकानं काळ्या रंगाने भरलेली असतात याचं मला वाईट वाटतं.

लहान मुलांना गाडीवर नेताना?

चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्र सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवू नका, त्याच्या जडपणाने मान दुखावते. आणि पुढे टाकीवर किंवा स्कूटरच्या फळीवर मूल उभं करणं बंद करा. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान, पिशव्या आणि पुढे उभं मूल अशी गाडी बघितली की माझ्या पोटात खड्डा पडतो.

पाहुणे येतात आणि भाड्याची गाडी घेतात. त्यांना काय सांगावं?

चड्डी-चप्पलवर गाडी घेऊ नका, सायलेन्सरला पोटरी लागून भाजतं. भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारं हेल्मेट घालून बघा, सैल असेल तर बदलून मागा. घरचं हेल्मेट आणता आलं तर सगळ्यात छान. आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, नकाशा दाखवला तरी.

ऑनलाइन घेऊ की दुकानात जाऊन?

पहिलं जॅकेट आणि पहिलं हेल्मेट दुकानात. अंगात घालून गाडीवर बसा, हात हॅंडलवर न्या. त्या स्थितीत कोपराचा पॅड कोपरावर बसला पाहिजे आणि मागून कंबर उघडी पडता कामा नये. हाताने पॅड हलवून बघा. हलला तर पडतानाही हलणार. एकदा माप कळलं की पुढचं ऑनलाइन घ्या.

एकदा पडल्यावर तेच सामान वापरू का?

हेल्मेट नाही. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो आणि त्यातच त्याचं काम संपतं. बाहेरून चरा नसला तरी आत तो दबलेला असू शकतो. न पडताही पाचेक वर्षांनी बदला. जॅकेटची शिवण उसवली असेल तर फेकून द्या, घरी टाके घालू नका.

हे सगळं धुवायचं आणि ठेवायचं कसं?

जॅकेटचे पॅड काढून, साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर दर पंधरा दिवसांनी. आपल्या घामाला तेवढं लागतंच. पावसाळ्यात बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.

आणि कपाटात ठेवू नका. आमच्याकडे दाराशी, किल्लीच्या खिळ्याखालीच एक फळी आहे. हेल्मेट उलटं, त्यात हातमोजे, हातमोज्यांवर गाडीची किल्ली. किल्ली उचलायची तर मोजे हातात येतातच. बूट त्याच्या खाली. चपला मागच्या दाराला.